मुलांसाठीच्या मैफलीला सरकारी अनुदान : मॅसॅच्युसेट्समधील हौशी वाद्यवृंदांसाठी अर्जापासून अहवालापर्यंत

मराठीत 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की गणपतीच्या मांडवात की-बोर्ड आणि ऑक्टोपॅडवर हिंदी गाणी वाजवणारा संच डोळ्यांसमोर येतो. या लेखाचा विषय तो नाही. अमेरिकेतल्या गावोगावी जे कम्युनिटी ऑर्केस्ट्रा असतात, म्हणजे दंतवैद्य, शिक्षक, निवृत्त अभियंते आणि महाविद्यालयीन मुले आठवड्यातून एका संध्याकाळी शाळेच्या बँडच्या खोलीत जमून पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवतात, त्यांच्याबद्दल हे लेखन आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या मराठी घरांतली मुले चौथी-पाचवीत शाळेतच व्हायोलिन किंवा क्लॅरिनेट हाती घेतात, आणि त्यांच्यामागून पालकही कधी वाजवायला, कधी हिशेब ठेवायला अशा वाद्यवृंदात ओढले जातात. मीही असाच ओढला गेलो. दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत बसतो, पण माझे खरे काम खजिनदाराचे आहे.

अशा वाद्यवृंदाच्या वर्षातल्या तीन-चार मैफलींपैकी एक लहान मुलांच्या कुटुंबांसाठी असते. तिचे तिकीट लावता येत नाही, लावले तर ज्यांच्यासाठी मैफल आहे तेच येत नाहीत. आणि खर्च मात्र मोठ्यांच्या मैफलीइतकाच होतो. ही तफावत भरून काढण्यासाठी सार्वजनिक पैसा उपलब्ध आहे. तो कसा मागावा, कधी मागावा आणि मिळाल्यावर काय करावे, ते आता पाहू.

पैसा कुठून येतो

केंद्र सरकारची नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स ही संस्था 1965 साली कायद्याने स्थापन झाली, आणि तिच्या अनुदानाच्या रकमेतला 40 टक्के वाटा राज्यांच्या आणि प्रादेशिक कलासंस्थांकडे जातो. लहान वाद्यवृंदाने थेट तिच्या दारात जाण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. तिथली नोंदणी, अर्ज आणि हिशेब यांचा पसारा पगारी कर्मचारी असलेल्या संस्थांना झेपतो, स्वयंसेवकांना नाही. आपल्यासाठी योग्य दार गावातच असते.

मॅसॅच्युसेट्समध्ये मास कल्चरल कौन्सिल ही राज्याची संस्था आहे. राज्याची जुनी कला परिषद आणि कलेसाठी लॉटरी चालवणारी परिषद यांचे 1990 साली एकत्रीकरण होऊन ती अस्तित्वात आली. राज्याच्या अर्थसंकल्पातून मिळालेल्या रकमेचा एक भाग ती 329 स्थानिक कौन्सिलांना वाटते, आणि त्या मिळून राज्यातल्या सगळ्या 351 शहरांना आणि गावांना पुरतात. प्रत्येक कौन्सिलवर किमान पाच आणि जास्तीत जास्त बावीस स्वयंसेवक असतात आणि त्यांची नेमणूक गावाचे प्रशासन करते. ग्रंथपाल, चित्रकला शिक्षिका, एखादे निवृत्त वकील अशी ही मंडळी असतात, आणि तुमचा अर्ज वाचणारेही तेच. वाटपाच्या सूत्रात गावाची लोकसंख्या आणि तिथल्या मालमत्तांचे मूल्य धरले जाते, त्यामुळे शेजारच्या दोन गावांच्या थैल्या सारख्या आकाराच्या नसतात. लहान गावाकडून तीनशे-चारशे डॉलरची अपेक्षा ठेवावी, तीन हजारांची नाही.

संस्थेची कागदपत्रे आधी

या अनुदानासाठी एकटा कलावंतही अर्ज करू शकतो. तरीही वाद्यवृंदाला करमुक्त धर्मादाय दर्जा असलेला बरा, कारण बँका आणि स्थानिक प्रतिष्ठाने त्याखेरीज दाद देत नाहीत. वार्षिक जमा 50,000 डॉलरपेक्षा आणि मालमत्ता 2,50,000 डॉलरपेक्षा कमी असेल, तर तो दर्जा मागण्यासाठी 1023-ईझेड हा छोटा ऑनलाइन अर्ज चालतो आणि त्याचे शुल्क 275 डॉलर आहे. दर्जा मिळाल्यावर दरवर्षी 990-एन नावाचे चार ओळींचे ई-पोस्टकार्ड भरायचे असते. ते इतके सोपे आहे की लोक विसरतात, आणि सलग तीन वर्षे विसरले तर दर्जा आपोआप रद्द होतो. नवा खजिनदार आला की त्याने पहिल्याच दिवशी एवढे तपासावे. राज्याच्या महान्यायप्रतिनिधींच्या कार्यालयातली धर्मादाय नोंदणीही सोबतच पाहून घ्यावी.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट सांगून ठेवतो. गावाचा लेखा विभाग धनादेश काढण्यापूर्वी डब्ल्यू-9 हा संस्थेचा करक्रमांक कळवणारा अर्ज मागतो. त्यावरचे नाव, बँक खात्याचे नाव आणि अनुदानाच्या अर्जावरचे नाव ही तिन्ही अक्षरशः एक असली पाहिजेत. आमच्या अर्जावर 'सिम्फनी' होते आणि खाते 'ऑर्केस्ट्रा' या जुन्या नावाचे होते. एवढ्या एका शब्दापायी धनादेश सात आठवडे अडकून पडला.

वेळापत्रक उलटे मांडावे

स्थानिक कौन्सिलांची अर्जाची मुदत साधारणपणे सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होते आणि ऑक्टोबरच्या मध्याला संपते. उरलेले शरद कौन्सिलांच्या चर्चेत आणि मतदानात जाते, आणि होकार हाती पडेपर्यंत जानेवारी उजाडतो. म्हणून कुटुंबांसाठीची मैफल मार्च किंवा एप्रिलमध्ये धरावी. डिसेंबरची मैफल कितीही मोहक वाटली, तरी तिच्यासाठी पैसे मिळाले की नाही हे ती वाजून गेल्यावर कळेल.

ऑगस्टमध्ये, अर्ज उघडण्यापूर्वीच, आपल्या कौन्सिलने जाहीर केलेले प्राधान्यक्रम वाचून काढावेत. गावकऱ्यांचे म्हणणे ठरावीक काळाने जाणून घेणे कौन्सिलांना बंधनकारक असते आणि त्यातूनच हे प्राधान्यक्रम ठरतात. कुणाला ज्येष्ठांसाठी कार्यक्रम हवे असतात, कुणाला शाळाबाह्य वेळेत मुलांसाठी, कुणी मागच्या वर्षी ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांना झुकते माप देते. शिवाय या बैठका खुल्या असतात आणि कायद्यानुसार त्यांची सूचना किमान 48 तास आधी लावावी लागते. एका बैठकीला जाऊन मागच्या खुर्चीत गप्प बसावे. आधीच्या वर्षीच्या अर्जांवर मतदान चालू असताना कोणत्या वाक्यावर माना डोलतात आणि कोणत्या वाक्यावर पान उलटले जाते, हे त्या दीड तासात जितके समजते तितके कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडत नाही. कौन्सिलचा एखादा सदस्य तुमच्याच वाद्यवृंदात वाजवत असेल, तर त्याने तुमच्या अर्जाच्या चर्चेतून आणि मतदानातून बाजूला व्हायचे असते. ही गोष्ट त्याला आधीच आठवण करून द्यावी, म्हणजे ऐन वेळी कुणाचीच पंचाईत होत नाही.

कार्यक्रम ठरवताना हक्कांचा हिशेब

अर्जात कार्यक्रमाचे नाव लिहावे लागते, म्हणून निवड आधी करावी लागते, आणि निवडीबरोबर खर्च येतो. मुलांच्या मैफलीत सर्वांना प्रथम सुचते ते प्रोकोफिएव्ह यांचे 1936 सालचे 'पीटर अँड द वुल्फ'. निवेदक गोष्ट सांगतो, पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे बॅसून आणि लांडगा म्हणजे तीन हॉर्न. वाद्यांची ओळख करून देण्याला याहून चांगली रचना शोधून सापडणार नाही. पण ही रचना अमेरिकेत एके काळी स्वामित्वहक्कातून मुक्त होती, 1990च्या दशकातल्या कायद्याने परदेशी कृतींचे हक्क पुन्हा जिवंत झाले आणि 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. त्या खटल्यात वाद्यवृंदांच्या अडचणीचे उदाहरण म्हणून हीच रचना पुढे आली होती. आज तिचे स्वरपत्र भाड्याने घ्यावे लागते, आणि त्या भाड्याला अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ लागते.

सां-साँस यांचे 'कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स' 1886 साली लिहिले गेले, पण 'हंस' हा भाग सोडला तर संगीतकाराने ते हयातीत प्रकाशित होऊ दिले नाही. 1921 साली त्यांचे निधन झाल्यावर 1922 मध्ये ते छापले गेले. अमेरिकेत ते आता सर्वांसाठी खुले आहे आणि आयएमएसएलपी या हक्कमुक्त स्वरपत्रांच्या संकेतस्थळावरून सगळी स्वरपत्रे फुकट उतरवून घेता येतात. फुकट म्हणून हुरळून जाऊ नये. त्याला दोन पियानो लागतात, आणि शाळेच्या सभागृहात बहुधा एकच असतो. तसेच या रचनेच्या भागांमधून ज्या इंग्रजी कविता वाचण्याची प्रथा आहे त्या 1949 सालच्या आहेत आणि त्यांच्यावर हक्क आहेत. आम्ही गावातल्या सहावीच्या वर्गाकडून स्वतःच्या चारोळ्या लिहून घेतल्या. हक्कांचा प्रश्न सुटला, आणि अर्जात गावातील शाळेचा सहभाग ही ओळ आपसूक आली.

मैफल पाऊण तासाची असावी, फार तर पन्नास मिनिटांची. मध्यंतर नको. वेळ सकाळी साडेदहा-अकराची, म्हणजे लहानग्यांच्या दुपारच्या झोपेआधी सगळे घरी पोचतात. दिवे पूर्ण मालवू नयेत, दार उघडे ठेवावे, उठून फिरणाऱ्या मुलाकडे कुणी डोळे वटारू नयेत, आणि आवाजाचा त्रास होणाऱ्यांसाठी शांत खोली आणि कानावरची आच्छादने ठेवावीत. ही सोय ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांना सभागृहात आणते, आणि जाहिरातीतही तसे स्पष्ट लिहावे, कारण ते वाचल्याखेरीज हे पालक येण्याचे धाडस करत नाहीत.

मैफलीआधीचा अर्धा तास वाद्ये हाताळण्यासाठी ठेवावा. एका टेबलावर पाव आणि अष्टमांश आकाराची व्हायोलिने, दुसऱ्यावर ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनची तोंडे, शेजारी निर्जंतुक पुसणी आणि ती संपतील या हिशेबाने आणखी दोन डबे. ट्रॉम्बोनमधून पहिला आवाज निघतो तेव्हा मूल आधी दचकते, मग आईकडे बघते आणि मग पुन्हा फुंकते. गेल्या वर्षी साधारण चार वर्षांची एक मुलगी टिम्पनी या मोठ्या नगाऱ्याच्या तांब्याच्या पोटाला दोन्ही तळवे लावून बसली होती, आणि वादक हलकेच घुमवत होता तोवर ती जागची हलली नाही. तिच्यामागे रांग लागली होती, पण रांगेतल्या कुणीही तिला उठवले नाही.

अर्ज खुर्च्यांवरून लिहावा

आमचा पहिला अर्ज नाकारला गेला, आणि तो नाकारणे योग्यच होते. त्यात वाद्यवृंदाची परंपरा होती, संगीत दिग्दर्शकांचे शिक्षण होते, ब्राम्सची कोणती सिम्फनी आम्ही कधी वाजवली ते होते, आणि ऐकणाऱ्यांविषयी 'मैफल सर्वांसाठी खुली राहील' एवढे एकच वाक्य होते. पत्रात कारण दिले होते : स्थानिक लाभ स्पष्ट नाही. वाद्यवृंद रंगमंचावर बसतो, म्हणून त्याला सगळे रंगमंचावरूनच दिसते. हा पैसा मात्र समोरच्या खुर्च्यांत बसणाऱ्यांसाठी दिला जातो. तेव्हापासून अर्जाचा मसुदा आमच्या ग्रंथालयातल्या बालविभागाच्या बाई प्रथम वाचतात, संगीत दिग्दर्शक त्यांच्यानंतर.

'समाजातील मुलांना संगीताची गोडी लागेल' या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी लिहावे की गावात तीन प्राथमिक शाळा आहेत, तिन्ही शाळांच्या तिसरीच्या मुलांना संगीत शिक्षकांमार्फत घरी निमंत्रण जाईल, कारण पुढच्याच वर्षी त्यांना वाद्य निवडायचे आहे. सभागृह बसमार्गावर आहे. प्रवेश मोफत आहे. पत्रके इंग्रजीबरोबर स्पॅनिश, पोर्तुगीज आणि हैतीयन क्रिओलमध्ये निघतील, कारण गावातल्या घरांतून या भाषा बोलल्या जातात. तुमच्या गावात दुसऱ्या भाषा असतील, तर त्या लिहाव्यात. शाळेचे पत्र, ग्रंथालयाचे पत्र आणि सभागृहाची तारीख नक्की झाल्याचा ईमेल जोडावा. कौन्सिलच्या सदस्यांना कार्यक्रम आवडला तरी तो खरोखर होईल ना, ही शंका त्यांच्या मनात असतेच, आणि ती शंका असे कागद दूर करतात.

एकापेक्षा अधिक गावांकडे अर्ज करता येतो, आणि तीन-चार गावांतून वादक येत असतील तर करावाही. मात्र प्रत्येक गावासाठी अर्ज वेगळा आणि लाभाचा मजकूरही वेगळा असावा. गावाचे नाव बदलून तोच परिच्छेद चिकटवला, तर ते लगेच ओळखू येते. एका वर्षी आम्ही शेजारच्या गावाचे नाव बदलायला विसरलो होतो, तो प्रसंग पुन्हा आठवण्याची इच्छा नाही.

अंदाजपत्रक

उदाहरणादाखल आकडे मांडतो. तुमच्याकडे ते वेगळे निघतील. शाळेचे सभागृह 600 डॉलर, शाळेच्या कर्मचाऱ्याची चार तासांची हजेरी 240, संगीत दिग्दर्शकांचे मानधन 500, बाहेरून बोलावलेले चार वादक प्रत्येकी 150 प्रमाणे 600, निवेदक 200, स्वरपत्रांचे भाडे 250, टिम्पनी आणण्याची गाडी 150, छपाई आणि पत्रके 180, सांकेतिक भाषेचा दुभाषी 300, विम्याचा हिस्सा 130. एकूण 3,150 डॉलर. जमेच्या बाजूला तीन गावांकडून 700, 400 आणि 300, कार्यक्रम-पुस्तिकेतील जाहिराती 500, स्थानिक बँकेची देणगी 500, वाद्यवृंदाच्या निधीतून 750. एकूण तेवढेच.

यात तीन ठिकाणी लोक चुकतात. शाळेच्या कर्मचाऱ्याची हजेरी हा खर्च सभागृहाच्या भाड्यात धरला आहे असे समजले जाते आणि नंतर तो वेगळ्या बिलाने येतो. बॅसून किंवा डबल बास वाजवणारे हौशी लोक दुर्मीळ असतात, म्हणून भाड्याने बोलावलेल्या वादकांची ओळ टाळता येत नाही. ती लपवू नये, एका वाक्यात कारण द्यावे. आणि शाळा विम्याचे प्रमाणपत्र मागते, तेही मैफलीच्या आठवड्यात नव्हे तर आरक्षणाच्या वेळी.

मागणी एकूण खर्चाच्या शंभर टक्के असू नये. राज्याचा नियम बरोबरीची रक्कम उभी करण्याची सक्ती करत नाही, पण वाद्यवृंदाने स्वतः काहीच घातले नाही हे दिसले की वाचणाऱ्याचा हात आखडतो. मागितलेल्यापेक्षा कमी रक्कम मंजूर होणे हेच अधिक संभवते, तेव्हा 700 ऐवजी 450 मिळाले तर नेमके काय कमी कराल हे आधीच ठरवून ठेवावे. माझे मत विचाराल तर कात्री छपाईला लावावी, दुभाष्याला नाही.

नकार आला तर

नकाराच्या पत्राच्या तारखेपासून 15 दिवसांत फेरविचार मागता येतो, परंतु तो फक्त कौन्सिलने स्वतःचे किंवा राज्याचे जाहीर नियम पाळले नाहीत एवढ्याच आधारावर. 'आमचा कार्यक्रम त्यांच्यापेक्षा चांगला होता' हा आधार होत नाही. बहुतेक वेळा फेरविचार मागण्यापेक्षा अध्यक्षांना नम्र ईमेल लिहून चर्चेत काय निघाले ते विचारणे अधिक उपयोगी पडते. ते स्वयंसेवक असतात, गावातल्या दुकानात उद्या भेटणार असतात, आणि बहुधा मोकळेपणाने सांगतात.

मंजुरी मिळाल्यावर

रक्कम आधी मिळणार की खर्च करून पावत्या दिल्यावर, हे कौन्सिलनुसार बदलते. दुसरी पद्धत असेल तर तेवढे पैसे खात्यात काही महिने अडकून राहतील याची तयारी ठेवावी. सगळ्या पत्रकांवर, संकेतस्थळावर आणि पुस्तिकेत कौन्सिलचा आणि मास कल्चरल कौन्सिलचा ऋणनिर्देश त्यांनी दिलेल्या शब्दांतच छापावा, स्वतःच्या शब्दांत फिरवून नको. तारीख, स्थळ किंवा कार्यक्रम बदलायचा झाला तर आधी लेखी कळवावे. न कळवता केलेला बदल पैसे थांबण्याचे कारण होऊ शकतो. राज्यात कार्ड टू कल्चर नावाचीही एक योजना आहे, तीत अन्नसाहाय्याचे कार्ड असलेल्या कुटुंबांना मोफत किंवा सवलतीत प्रवेश देणाऱ्या संस्था नोंदवल्या जातात. इतर मैफलींना तिकीट असेल तर त्यांच्यासाठी नाव नोंदवावे. मुलांच्या मैफलीला येऊन गेलेली कुटुंबे मग पुन्हा येऊ शकतात.

मैफलीच्या दिवशी दारात दोन माणसे हवीत. एकाच्या हातात माणसे मोजण्याचे क्लिकर, दुसऱ्याच्या शेजारी भिंतीवर आसपासच्या गावांचा मोठा नकाशा आणि रंगीत टिकल्यांची पाने. प्रत्येक मुलाने आपले घर शोधून तिथे टिकली लावायची. 'कुठून आलात' हा प्रश्न अर्जाच्या कागदावर विचारला की पालक घाईत टाळतात, पण टिकली लावायला मूलच त्यांना ओढत नेते. छायाचित्रे घ्यायची असतील तर पालकांची संमती तिथेच घ्यावी, आणि ज्यांना नको असेल त्यांच्या मुलांच्या सदऱ्यावर वेगळ्या रंगाची टिकली लावावी, म्हणजे छायाचित्रकाराला लांबूनही कळते.

अहवाल मैफलीनंतरच्या आठवड्यातच लिहावा. क्लिकरचा आकडा, पावत्यांची यादी, दोन छायाचित्रे, शिक्षिकेने पाठवलेला एखादा ईमेल आणि ठरवल्यापेक्षा काय वेगळे घडले त्याची सरळ कबुली एवढे पुरते. नकाशा मात्र फेकू नये. आमचा नकाशा खजिनदाराच्या कपाटात गुंडाळून ठेवलेला असतो. गेल्या मार्चच्या नकाशात उत्तरेकडच्या एका गावावर एकही टिकली नव्हती, म्हणून सप्टेंबरमध्ये अर्ज उघडला तेव्हा त्या गावाकडे पैसे मागण्याआधी आम्ही तिथल्या ग्रंथालयात चार वादक पाठवून अर्ध्या तासाची एक छोटी मैफल केली.